फिरती भिंत

कामाची विंडो पडद्याच्या मधोमध उघडलेली असते आणि तिच्याभोवती चित्राची बोटभर पट्टी उरते. उजवीकडे जरा जास्त, खाली टास्कबारच्या वर जेमतेम. मी घरून मुद्रितशोधन करते. दिवसाचे बरेच तास वेलांट्या, अनुस्वार आणि जोडशब्दांतल्या आडव्या रेघा यांच्यात जातात. मधे कधीतरी नजर ओळीच्या टोकाशी पोचते आणि तिथून पलीकडे, त्या पट्टीत उतरते. तिथे हिरवं काहीतरी असतं. किंवा पितळी भांड्याची कड. किंवा कुणाचा तरी अनवाणी पाय, टाचेला ओलं शेण लागलेलं. मघाशी तिथे निळं होतं, बहुतेक नदीचं पाणी. चित्र बदललेलं आहे आणि ते केव्हा बदललं ते मला कळलेलं नाही.

मग विंडो बाजूला न करता ओळखायचं. हे हिरवं भाताचं की तेरड्याच्या पानांचं? भाताचं असेल तर कोकणातल्या पोफळीकडचं, कारण इतका गडद रंग आमच्या घाटमाथ्यावर नसतो. पाय आत्याचा असणार, जोडव्यावरून. भांडं मात्र ओळखू येत नाही. तेव्हा विंडोजचं बटण आणि डी एकत्र दाबते. सगळी कामं खाली सरकतात, अख्खं चित्र समोर येतं आणि मी त्या भांड्याकडे बघत राहते. ते देवघरातलं ताम्हन असतं, फोटोच्या अगदी कोपऱ्यात राहिलेलं. फोटो काढणाऱ्याला ते नकोच होतं. त्याला हवा होता मधला, मुंजीतला बटू.

आमच्या बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर ‘भिंत’ नावाचा एक फोल्डर आहे. त्यात जुन्या अल्बममधले स्कॅन करून घेतलेले फोटो आहेत, पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यातले आहेत, फोनमधले आहेत. त्यांना क्रम नाही. बहुतेकांची नावंही कॅमेऱ्याने दिलेली आहेत, नुसती अक्षरं आणि आकडे. दर अर्ध्या तासाने कॉम्प्युटर त्यांतला एक उचलतो आणि पडद्यावर लावतो. मी घरी असो वा नसो, काम चालू असो वा थांबलेलं, खोलीत आई दिवाणावर बसलेली असो वा कुणीच नसो. एवढ्या साध्या सोयीने मला माझं घर पुन्हा दाखवलं, असं मी म्हणते तेव्हा ते अक्षरशः खरं आहे.

भिंतीवरच्या चित्रांचं काय होतं ते मी लहानपणी वाईच्या घरात पाहिलं होतं. माजघरात चित्रांची ओळ होती. पहिली कमळावर उभी असलेली लक्ष्मी. राजा रवि वर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि दगडावरून छापलेली त्यांची रंगीत देवचित्रं मराठी घरांच्या भिंतींवर पोचली. आमची लक्ष्मी त्यांतलीच. तिच्या शेजारी कोट-पगडीतले पणजोबा. त्यांच्या पलीकडे किराणा दुकानाच्या कॅलेंडरवरचा बाळकृष्ण. वर्ष संपलं तरी देवाचं चित्र टाकवत नसे, म्हणून तारखांची पानं फाडून वरचं चित्र काचेत बसवून घ्यायचे. ही ओळ वर्षभर डोक्यावर असायची. तिच्याखाली आम्ही जेवायचो, भांडायचो, अभ्यास करायचो. वर कुणी बघत नसे.

बघणं व्हायचं ते दिवाळीच्या आधी, रंगसफेदी निघाली की. बाबा स्टुलावर चढून एकेक तसबीर खाली द्यायचे. पडवीत चटईवर त्या ओळीने ठेवल्या जायच्या, ओल्या फडक्याने काचा पुसल्या जायच्या, आणि काम करणारे सगळे एकदम खाली वाकून बघायला लागायचे. अरे, लक्ष्मीच्या मागे हत्ती आहे! पणजोबांच्या खिशातून घड्याळाची साखळी लोंबते आहे! काकू म्हणायची, “दरवर्षी हेच म्हणता रे सगळे.” खरंच होतं ते. दरवर्षी हत्ती नव्याने सापडायचा. मग तसबिरी पुन्हा वर जायच्या, भिंतीवरच्या आपापल्या खिळ्यांना लागायच्या, आणि हत्ती पुढच्या दिवाळीपर्यंत नाहीसा व्हायचा.

हे आमच्या बेफिकिरीमुळे होत असे, असं मला तेव्हा वाटे. नंतर डोळ्यांविषयी वाचताना कळलं की नजरेची घडणच अशी आहे. ट्रॉक्सलर नावाच्या स्विस वैद्याने १८०४ साली लिहून ठेवलं की एका बिंदूवर नजर रोखून धरली, तर नजरेच्या कडेला असलेली स्थिर खूण हळूहळू विरून जाते. खूण तिथेच असते, प्रकाश तिच्यावरून येतच असतो, तरी ती दिसायची थांबते. १९५० च्या दशकात संशोधकांनी आणखी पुढे जाऊन पाहिलं. त्यांनी डोळ्यावर बसणाऱ्या लेन्सला इवलासा आरसा जोडला आणि डोळा हलेल तसंच समोरचं चित्रही हलेल, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावर ते तसूभरही सरकणार नाही, अशी योजना केली. काही सेकंदांत चित्र पुसट झालं आणि गेलं. आपण टक लावून बघतो तेव्हाही डोळे आतून बारीक थरथरत असतात, आणि त्या थरथरण्यामुळेच समोरचं जग टिकून राहतं.

याचा सगळ्यात जवळचा पुरावा आपल्या डोळ्यांतच आहे. प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पुढ्यात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. त्याची सावली जन्मापासून अहोरात्र नजरेवर पडलेली असते. पण ती डोळ्याबरोबरच फिरते, म्हणून कधीच दिसत नाही. डोळे तपासताना डॉक्टर बाजूने दिवा फिरवतात, तेव्हा ती सावली क्षणभर जागची हलते आणि आपल्याला समोर फांद्या फुटलेलं एक झाड दिसतं. ते आपलंच असतं, आणि पहिल्यांदाच दिसत असतं. तपासणीच्या खुर्चीत मला ते झाड दिसलं तेव्हा मला चटईवरच्या तसबिरी आठवल्या. जे अगदी आपलं असतं, अगदी जवळ आणि कायमचं असतं, तेच आधी दिसेनासं होतं. ते परत दिसायचं तर ते हलायला हवं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र हवं, असं माणसांना फार लवकर वाटलं. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशचा पडदा कृष्णधवल होता, ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा. अख्ख्या पडद्याला पुरेल एवढं वेगळं चित्र साठवून ठेवणं त्या यंत्राच्या तुटपुंज्या स्मृतीला महाग पडलं असतं. तरीही कंट्रोल पॅनलमध्ये आठ बाय आठ ठिपक्यांचा एक चौकोन दिलेला होता. त्यातला ठिपका काळा की पांढरा ते आपण ठरवायचं आणि तीच नक्षी पडद्यावर सगळीकडे पसरायची. ६४ ठिपके, आठ बाइट. त्या कंट्रोल पॅनलची चित्रं सुझन केअर या चित्रकर्तीने काढलेली होती. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या काळात एकेक बाइट जपून वापरावी लागे, त्या काळात आठ बाइट माणसाच्या आवडीसाठी राखून ठेवल्या गेल्या. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये विटांची, पानांची, मधाच्या पोळ्याची छोटी चित्रं आली. एकाला एक जोडून ती पडदा भरायची. आज माझ्यासमोरच्या पडद्यावर १९२० बाय १०८० म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके आहेत आणि प्रत्येकाला आपला रंग आहे. आत्याच्या टाचेवरची भेग त्यात स्पष्ट दिसते.

या दोन टोकांच्या मध्ये एक हिरवी टेकडी उभी आहे. २००१ च्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपी आली आणि तिच्याबरोबर निळ्या आभाळाखालची ती टेकडी. महाराष्ट्रात त्याच सुमारास कॉम्प्युटर शिकवणारे एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगावी सुरू झाले. आमच्यासारख्या कितीजणींनी माउस पहिल्यांदा धरला तो तिथे, ओळीने लावलेल्या कॉम्प्युटरांपुढे, प्रत्येकावर तीच टेकडी. आम्हाला ती श्रावणातली वाटायची. यवतेश्वरच्या चढावर पावसाची सर ओसरली की असंच गवत चमकतं. पण ती टेकडी कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यातली आणि महिना जानेवारीचा. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळ्यात त्याच टेकड्या वाळून पिवळ्या होतात. १९९६ साली चार्ल्स ओरिअर हे छायाचित्रकार तिथल्या रस्त्याने गाडीतून चालले होते. वादळी पाऊस नुकताच होऊन गेला होता. त्यांनी गाडी थांबवली, मामिया कॅमेरा तिकाटण्यावर लावला आणि फोटो घेतला. त्या उतारावर खरं तर द्राक्षमळे असत. मुळांवर जगणाऱ्या फिलॉक्सेरा किडीने वेली गेल्या, त्या उपटून टाकाव्या लागल्या, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर गवत आलं. गोल्डिन+सेनेबी या कलावंतांच्या जोडीने २००६ साली तीच जागा शोधून फोटो काढला, तेव्हा टेकडीवर पुन्हा वेली होत्या.

म्हणजे ती हिरवळ थोड्या दिवसांची पाहुणी होती. एका बागेचा नाश आणि दुसरीची लागवड यांच्यामधली, तीही पावसाळ्यापुरती. जगातल्या किती पडद्यांवर ती वर्षानुवर्षं तशीच थांबून राहिली, आणि थांबून राहिल्यामुळेच आम्ही तिच्याकडे कधी पाहिलं नाही. ती दिसू लागली, की काम सुरू करायचं एवढाच तिचा अर्थ उरला होता. त्या चित्राची हकिगत कळली तेव्हा मला त्या टेकडीची माया वाटली. आता माझ्या ‘भिंत’ फोल्डरमध्ये तीही आहे. इतर फोटोंमधून एखाद्या दिवशी तिची पाळी येते आणि तेव्हा मी तिला नीट बघते. ढगांची सावली उतारावर कशी पडली आहे, ते मला अशाच एका पाळीत दिसलं.

विंडोजमध्ये चित्रं आपोआप बदलत राहण्याची सोय अंगचीच आली ती २००९ च्या विंडोज ७ मध्ये. तोवर त्यासाठी वेगळा प्रोग्राम लागायचा. किती वेळाने बदलायचं, याची यादी तिथे होती. दहा सेकंदांपासून एका दिवसापर्यंत. काहीच निवडलं नाही तर अर्धा तास. मी सगळी अंतरं लावून पाहिली आहेत. दहा सेकंदांना पडदा आपल्याला कामच करू देत नाही. तो सारखा बोलावत राहतो. एक दिवस ठेवला तर दुपारपर्यंत चित्र भिंतीत मुरतं आणि संध्याकाळी ते असल्याचंही विसरायला होतं. अर्धा तास मात्र बरोबर बसतो. आपल्याकडे घटका चोवीस मिनिटांची. तिच्या हिशेबाने हा वेळ नेमका सव्वा घटका होतो. एखादं प्रकरण वाचून होतं, आईचा चहा होतो, कुकर उतरतो. एवढ्या वेळात चित्राची सवय होत नाही आणि त्याचा पाहुणचारही अर्धा राहत नाही.

लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपसोबत ‘कॉसमॉस’ नावाचा आकाशचित्रांचा एक संच येत असे. त्याची मांडणी एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेली होती. प्रत्येक चित्र १७९५ सेकंद स्थिर. मग पाच सेकंदांत ते विरत विरत पुढचं उगवायचं. दोन्ही मिळून १८०० सेकंद, पुन्हा अर्धा तासच. ज्या कुणी हे आकडे लिहिले त्याने त्या पाच सेकंदांचा विचार केला होता, याचं मला समाधान वाटतं. चित्राने खट्कन बदलू नये. एक माणूस खोलीतून जाताना दुसरा येत असावा, आणि क्षणभर दोघेही खोलीत असावेत. माझ्या पडद्यावरही बदल असाच विरघळत होतो. नेमका त्याच वेळी विंडो खाली असली तर मधल्या घडीला कृष्णेचा घाट आणि अमेरिकेतल्या बहिणीच्या अंगणातलं बर्फ एकमेकांत मिसळलेलं दिसतं.

मॅकवर २०१८ मध्ये मोहावी वाळवंटातल्या एका वाळूच्या टेकडीची सोळा चित्रं आली, पहाटेपासून रात्रीपर्यंतची. प्रत्येक चित्रासोबत सूर्य आकाशात किती उंचीवर आणि कोणत्या दिशेला होता याची नोंद असते. आपण जगात जिथे असू तिथला सूर्य पाहून तो कॉम्प्युटर चित्र बदलतो. भावाकडे पुण्याला मी ते पाहिलं. बाहेर कोथरूडमध्ये दिवेलागण झाली आणि आत अमेरिकेतल्या वाळूवर सावली निळी झाली. ते सुंदर होतं, आणि त्यात एक मोठी शिस्त होती. तरीही घरी आल्यावर मला माझा कॉम्प्युटर जास्त जवळचा वाटला. त्याला वेळ कळते, पण ऋतू कळत नाही.

ऋतू न कळण्यातून तो जे देतो ते मला दुसरं कुणी दिलेलं नाही. वैशाखात साताऱ्याची दुपार तापलेली असते, पडदे ओढून घ्यावे लागतात, पंखा गरम हवाच ढवळत असतो. अशा वेळी पडद्यावर कास उगवतं. जांभ्या दगडाचं पठार, त्याच्या खळग्यांत साचलेलं पाणी, पाण्याकाठी सीतेची आसवं, आणि वर धुकं इतकं दाट की चार पावलांवर उभी असलेली माणसं राखाडी ठिपके होतात. खोलीतलं तापमान उतरत नाही. पण आपण ज्या उन्हात बसलो आहोत ते उद्या-परवाकडे निघालेलं ऊन आहे, एवढं मनाला पटतं. आणि पौषातल्या कोरड्या थंडीत कधी टोपली कारवी येते. ती सात वर्षांनी एकदा फुलते. फुलली की अख्खा उतार जांभळा, आणि मग पुन्हा सात वर्षं नुसती हिरवी झुडपं. खऱ्या उतारावर जिची वाट बघत वयाचा एक टप्पा ओलांडावा लागतो ती इथे अधेमधे येऊन जाते. तिच्या खऱ्या फुलण्याचं मोल यामुळे मला कमी वाटलेलं नाही. उलट पुढची पाळी कोणत्या साली, हे मला आता न विचारता पाठ असतं.

निवड आपण न करता यंत्राने करायची, यातही दोन रीती आहेत. एक म्हणजे डब्यातून चिठ्ठी काढायची आणि वाचून ती परत डब्यात टाकायची. मग तीच चिठ्ठी लागोपाठ येऊ शकते आणि एखादी महिनोन्‌महिने तळाशी राहू शकते. दुसरी म्हणजे पत्ते पिसायचे आणि एकेक करून संपेपर्यंत वाटायचे. पिसण्याची पक्की, कुणालाही झुकतं माप न देणारी रीत फिशर आणि येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ साली दिली. ती आली जीवशास्त्र, शेती आणि वैद्यक यांच्या संशोधनासाठी केलेल्या कोष्टकांच्या पुस्तकात. कॉम्प्युटरला सोयीची तिची आवृत्ती १९६४ साली ड्युरस्टेनफेल्ड यांनी मांडली. शेताच्या कोणत्या वाफ्यात कोणतं बी पेरायचं हे माणसाच्या कलाने ठरू नये, या काळजीतून अशा रीती वाढल्या. ती काळजी माझ्या फोटोंनाही लागू पडते. पिसलेल्या क्रमात प्रत्येकाची पाळी येतेच. लग्नातल्या शालूची जेवढी, तेवढीच गच्चीवरच्या टाकीची.

फोनही आठवणी दाखवतो. तो चेहरे ओळखतो, तारखा जुळवतो, अमुक वर्षांपूर्वी आजच्या दिवशी म्हणून हसरे फोटो पुढे करतो. ते पाहून बरं वाटतं. पण त्याने आधीच ठरवलेलं असतं की चेहरा महत्त्वाचा, समारंभ महत्त्वाचा, स्वच्छ उजेडातला फोटो महत्त्वाचा. असे फोटो आपणही पुन्हापुन्हा काढून पाहिलेले असतात. त्यांच्याभोवती गोष्टी तयार झालेल्या असतात आणि फोटो दिसला की गोष्टच आठवते, प्रसंग आठवत नाही. न निवडलेल्या फोटोला अशी गोष्ट चिकटलेली नसते. फरशीचा नमुना म्हणून काढलेला, विजेच्या मीटरचा आकडा टिपायला काढलेला, बोट चुकून दाबलं गेल्याने निघालेला. त्याच्याकडे पहिल्यांदाच पाहावं लागतं.

आणि मोठ्या पडद्यावर पाहावं लागतं, हेही महत्त्वाचं आहे. अल्बममधल्या पोस्टकार्डाएवढ्या फोटोत माणसं दिसतात. पडद्याएवढा झाला की माणसांच्या मागचं घर दिसायला लागतं. शिवाय पडदा आडवा आणि जुने फोटो उभे. पडदा पूर्ण भरायचा तर वरचा आणि खालचा भाग कापला जातो. मग मांडीवर ठेवलेले हात मधोमध येतात. आजीचे हात असे मी पहिल्यांदा पाहिले. करंगळीजवळ विळीची जुनी खूण, बांगड्यांच्या वर उकळत्या तेलाचे बारीक डाग. आजीच्या चेहऱ्याचा फोटो आमच्या प्रत्येक भावंडाकडे आहे. हे हात कुणाकडे नव्हते.

या बाबतीत आईची नजर माझ्याहून तयार आहे. दिवाणावरून तिला पडदा पूर्ण दिसतो. मी चहाला उठले आणि विंडो खाली असली की तिचा वेळ सुरू होतो.

“अगं, थांब. ते मागे काय आहे?”

“कशाच्या मागे?”

“केक ठेवलाय ना, त्याच्या मागे. ओट्यावर. निळा डबा.”

माझ्या बहिणीच्या वाढदिवसाचा फोटो असतो. मला केक दिसतो, मेणबत्त्या दिसतात. आई बघत असते ती वाईच्या स्वयंपाकघराचा ओटा. निळा डबा शेंगदाण्यांचा; त्याचं झाकण तिरकं बसायचं म्हणून ती वर वरवंटा ठेवायची, आणि वरवंटाही फोटोत आहे. खिडकीच्या गजांना फडकं वाळत टाकलेलं. गजाआड शेजारच्यांच्या पेरूची फांदी. ते घर आता आमचं नाही, तो ओटा फोडून तिथे नवा झाला आहे. त्या ओट्याचा म्हणून फोटो कुणी कधी काढला नव्हता, कशाला काढेल? तो सापडतो केकच्या मागे, मुंजीच्या मागे, पहिल्या सायकलच्या मागे, एकेक वीत. आई या विती जोडते. डब्याच्या उजवीकडे काय होतं ते एका फोटोतून, डावीकडे काय होतं ते दुसऱ्यातून. तिच्या मनात ते स्वयंपाकघर आता पुष्कळसं पुरं झालं आहे. फांदीवरून ती महिनाही सांगते.

बाबांचा एक फोटो बैठकीत लावलेला आहे, चंदनाच्या हारातला. तो काढला तेव्हा त्यांनी मुद्दाम इस्त्रीचा सदरा घातला होता. त्याच्यासमोर रोज दिवा लागतो, आणि मला कबूल केलं पाहिजे की रोजच्या दिव्याच्या उजेडातही तो आता माझ्या नजरेसाठी त्या भिंतीचा भाग आहे. पण ‘भिंत’ फोल्डरमध्ये ते वेगळे आहेत. खिडकीला जाळी बसवायची म्हणून टेपने माप घेणारे, पेन्सिल कानावर, पाठमोरे. एसटी स्टँडवर पेपर वाचणारे, चेहरा पेपराआड, नुसती बोटं दिसणारी. ते येतात तेव्हा मी कुठल्यातरी वाक्यातल्या स्वल्पविरामापाशी असते. मनाची तयारी नसते, आणि तयारी नसण्यामुळेच ती पाठ खरी वाटते. माणूस घरात असताना आपण त्याच्याकडे तयारीने कधी बघतो? थोडा वेळ हात थांबतात. मग मी काम सुरू करते आणि बाबा पट्टीत राहतात, डावीकडे कोपर, खाली टेपचं पिवळं टोक. सव्वा घटका झाली की तिथे दुसरं कुणी येतं. दुःखाला एवढा नेमका वेळ मिळणं आणि मग त्याला हळूच पुढे नेलं जाणं, याचा मला फार आधार झाला आहे. पुन्हा कधी येतील ते माहीत नसतं. येतील हे माहीत असतं.

हा फोल्डर धाकट्या बहिणीकडेही उघडतो, पिट्सबर्गला. तिने तिकडे फोटो टाकला की तो इथल्या पत्त्यांत मिसळतो. ती तसं कळवत नाही, असा आमचा करारच आहे. त्यामुळे मार्चमध्ये एखाद्या दुपारी आमच्या खोलीत अचानक तिचं मागचं अंगण येतं, बर्फावर खारीच्या पावलांची रांग. कधी तिच्या मुलाची उघडी पडलेली शाळेची बॅग. कधी नुसता सिंक, त्यात चार भांडी, आणि आई म्हणते, “हिने नॉनस्टिकचा तवा टाकून बिडाचा घेतलेला दिसतोय.” फोनवर ती सगळं ठीक असल्याचं सांगते. फोटोंत तिची संध्याकाळ दिसते. तिच्याकडे त्याच वेळी काय लागलेलं असेल या विचाराने मी कधी कधी सुखावते. सज्जनगडाची वाट असेल, किंवा आमच्या भाजीवालीचा हात, मेथीची जुडी पुढे केलेला.

हल्ली मी या फोल्डरसाठी मुद्दाम साधे फोटो काढते. प्रुफांचा गठ्ठा आणि त्यावरचं लाल पेन. आईच्या चष्म्याची डबी. जिन्यातल्या चपला. आजचा आमचा ओटा, भांडी न आवरता. यांतलं पुढे काय दिसेनासं होणार आहे ते आज ओळखता येत नाही. शेंगदाण्याच्या डब्याचंही कुणाला ओळखता आलं नव्हतं. माझ्या आवडीने निवडत बसले तर मला पुन्हापुन्हा माझी आवडच दिसेल. म्हणून घरात एक तरी भिंत अशी असावी, जी आपल्याला न विचारता चित्र बदलते. तिला मोठे प्रसंग लागत नाहीत. जे आहे ते टिपावं, तिच्या हवाली करावं आणि क्रम तिला लावू द्यावा. निवड आपल्याकडे असती तर यातलं निम्म्याहून अधिक आपण वगळलं असतं, आणि तेच तर आपलं घर होतं.